मागचं दार उघडं आहे

लाफायेत,
२९ ऑगस्ट

चि. बेबे यास,
ओडीलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

छप्पन्न वर्षांच्या टकल्या गृहस्थाला चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळतं. पण सगळा गाव निघून गेल्यावर चक्रीवादळाच्या तोंडावर घर धरून बसणाऱ्याला या विशेषणाची गरज सर्वांत जास्त, म्हणून लिहिलंच. सरकारनं वादळाला नाव दिलं डेल्फीन, म्हणजे माझ्या कैलासवासी सासूबाईंचं, तेव्हाच मी कपडे भरायला घेतले होते.

मी सुखरूप आहे. माझ्या मैत्रिणीकडे, क्लोथिल्डकडे वीज आहे, तिच्या नवऱ्याचे विनोदही आहेत. त्यातलं एकच गेलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या गावी, बायू शेवरेटमध्ये फोन बंद, दिवे बंद, पण टपालखात्यानं चर्चच्या अंगणात तंबू ठोकलाय असं रेडिओवर ऐकलं. म्हणून ही जुनी रीत. मुलींना लॅटिन शिकवणाऱ्या बाईला ती शोभतेही.

आता कामाचं. निघण्याच्या दिवशी तुझी माझी जुंपली, कारण तू व्हर्नाच्या ऑक्सिजनच्या नळीशेजारी बसून दुनळी बंदूक पुसत होतास. त्या भांडणात एक गोष्ट सांगायची राहिली. माझा फ्रीझर भरलेला आहे. फोन बंद पडण्याआधी मी ल्यूशियनला सांगून ठेवलंय की वारा ओसरला की माझ्या मागच्या दारानं जाऊन तो उपस. आईच्या काळापासून हेच चालत आलंय. जाणाऱ्यानं मागचं दार उघडं ठेवायचं, राहणाऱ्यानं आत शिरून नासण्याआधी सगळं काढायचं, आणि चर्चमागे मोठ्या पातेल्यात शिजवून उरलेल्यांनी खायचं. तू आजवर या परंपरेत फक्त खाण्यापुरता सामील झालास. ल्यूशियन मात्र वीस वर्षं आपल्या गल्लीचे फ्रीझर उपसतोय.

माझ्या गॅरेजात पेट्रोलचा लाल कॅन आहे. तो भरून तुझ्याकडे पोचवायलाही त्याला सांगितलंय, व्हर्नाच्या जनरेटरसाठी. कोळंबीची पेटी आणि कॅन घेऊन तो येईल तेव्हा कुरकुर न करता कॉफी पाज. बाबांच्या बोटीवर तुम्ही दोघं एकाच ताटात जेवलेले आहात. शिवाय तुला बेबे म्हणणारी माणसं आता दोनच उरली, मी आणि तो. व्हर्नानं लग्नातच अल्सीदचं अल करून टाकलं.

व्हर्नाला माझा नमस्कार. दुनळी कपाटात ठेव. लोभ आहेच, तो पुराच्या पाण्यासारखा ओसरू देऊ नकोस.

तुझी,
ओडीलताई

*

बायू शेवरेट,
३१ ऑगस्ट

ती. ओडीलताईस,
अल्सीदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही. टपालाचा तंबू नुकताच उभा राहिला, आणि आत बसलेल्या बाईकडे तिकिटं आहेत पण पत्रं नाहीत. असो. आम्ही दोघं जिवंत. छपराचा पूर्वेचा कोपरा उडाला. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं, मागे ठेवला फक्त चिखल. व्हर्नाचं यंत्र जनरेटरवर चालू आहे. मी दिवसरात्र व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो.

ताई, तुझं घर मी वाचवलं. सांगतो कसं ते.

इथं कोण कोण हिंडतंय याची तुला तिकडं गार हवेत कल्पना नाही. शहरातून बोटी भरभरून लुटारू निघालेत असं रेडिओवर दोन दिवस ओरडून सांगत होते. म्हणून मी तुझ्या ओसरीच्या उरलेल्या निळ्या रंगानं फळीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं की लुटायला याल तर गोळी खाल. परवा संध्याकाळी, अंधारून आलं असताना, तुझ्या मागच्या दारातून एक माणूस बाहेर पडला. थोराड, काळा, डोक्यावर रेनकोटची टोपी, कमरेपर्यंत चिखल. एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्यात पेट्रोलचा कॅन. आणि वळला कुठं, तर सरळ माझ्या जनरेटरकडे. मी थांब म्हणून ओरडलो. थांबला नाही. मग मी गोळी घातली. मांडीत लागली.

आईच्या वेळचं वादळ आठव. तिचा जनरेटर कुणी नेला ते आजवर कळलं नाही. आठवडाभर पोलीस नाहीत, कुणी नाही, आणि तिचं इन्सुलिन कोमट होत पडून राहिलं. त्यातच ती गेली. तेव्हा माझ्याजवळ बंदूक नव्हती. आता आहे. जनरेटर गेला तर व्हर्ना संध्याकाळ पाहत नाही, इतका साधा हिशेब आहे.

गंमत बघ, एरवी न फिरकणारी शेरीफची बोट गोळीच्या आवाजावर मात्र लगेच आली. त्याला उचलून घेऊन गेले. मी वरूनच पाहिलं, खाली उतरलो नाही. त्या लोकांनी विचारलं, घरात शिरायची परवानगी होती का. मी म्हटलं, बहीण लाफायेतला आहे, परवानगी कुणालाच नाही. म्हणाले, मग लुटीचा गुन्हा लागेल त्याच्यावर.

पेटीत तुझीच कोळंबी निघाली. वाया कशाला घालवायची म्हणून शिजवली. व्हर्ना जेवली नाही, भूक नाही म्हणाली. कॅन भरलेला होता, कुठून चोरला देव जाणे. तो जनरेटरला घातला.

आभार मानायचे तर सावकाश मान. कृपालोभ आहे तसा ठेव.

तुझा,
अल्सीद

*

लाफायेत,
३ सप्टेंबर

अल्सीद,

आशीर्वाद या पत्रापुरते स्थगित.

तुझं पत्र आणि इनेझचा फोन एकाच सकाळी आले. तू मांडीत गोळी घातलेल्या माणसाचं नाव ल्यूशियन बतिस्त, इनेझचा नवरा. माझं पत्र तुला आता मिळालं असेल. नसेल तर तंबूतल्या बाईच्या मागे लाग आणि ते वाच. मी कुणाला बोलावलं होतं, कशासाठी, आणि त्या कॅनमधलं पेट्रोल कुणासाठी होतं, सगळं त्यात स्वच्छ अक्षरात आहे.

कॅन भरलेला होता असं तू स्वतःच लिहितोस. जनरेटरमधलं पेट्रोल चोरायला येणारा माणूस भरलेला कॅन घेऊन येतो का रे? एवढा प्रश्न तुला पडला नाही. पडला असता तर तो जनरेटरमध्ये ओतण्यापूर्वी पडायला हवा होता. आज व्हर्ना जो श्वास घेते आहे तो ल्यूशियननं आणून दिलेला आहे, आणि तू त्याची कोळंबी शिजवून खाल्लीस. मी तीस वर्षं रोमन लोकांचे पराक्रम शिकवले. असा एकही आठवत नाही.

इनेझ सांगते, दोनदा शस्त्रक्रिया झाली. हाडात छर्रे अडकलेत. पाय राहील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि सांगत नाहीत म्हणजे काय ते इनेझला कळतं. एक मनगट बेडीनं खाटेला अडकवलेलं आहे, कारण तो लुटारू आहे. शेरीफचा माणूस दाराशी बसून मक्याच्या लाह्या खातो. इनेझनं त्याला विचारलं म्हणे, माझा नवरा या पायावर पळून कुठं जाणार, तर तो म्हणाला, बाई, नियम आहे.

तुझ्या पत्रात एक विशेषण आहे, काळा. थोराड आणि चिखल यांच्या मधोमध बसवलंस, जणू रेनकोटचाच रंग सांगतोयस. तू ज्याच्याबरोबर पोहायला शिकलास तो माणूस तुझ्या अंगणात आला, आणि तुला दिसलं ते एवढंच. निळ्या रंगाची ती फळी तू कुणासाठी लावली होतीस ते आता कळलं. गोऱ्या लुटारूला ती लागू होती का?

आणि अंधार कसला? इनेझ म्हणते, जेवण उरकून तो निघाला तेव्हा लख्ख ऊन होतं. म्हणून तर चिखलातून चालत आला. अंधारात आपल्या गल्लीत साप असतात हे त्याला माहीत आहे.

मी शेरीफच्या कचेरीत फोन करून सांगितलं की त्याला मीच पाठवलं होतं. ते म्हणाले, बाई, घराची परवानगी तुम्ही द्या, पण तो बंदुकीवर चालून आला असं तुमच्या भावाचं म्हणणं आहे, आणि आम्ही भावाचं लिहून घेतलंय. तेव्हा तू जा. आजच जा. जे घडलं ते सांग.

लोभाचं पुढं बघू.

ओडील

*

बायू शेवरेट,
६ सप्टेंबर

ती. ओडीलताईस,
सा. न.

दोन्ही पत्रं मिळाली, पहिलं दुसऱ्यानंतर. टपालखात्याची कमाल.

मला ठाऊक नव्हतं. हे तू आधी वाच, मग पुढचं. चिखलानं तोंड माखलेलं, टोपी कपाळावर. एक शब्द जरी बोलला असता, तर मी हात खाली केला असता. बोलला नाही. मी काय करायचं होतं? जनरेटरपाशी पोचू देऊन ओळख विचारायची?

आणि एक विचारतो. तू लाफायेतला बसून माणूस पाठवलास, आणि बंदूक घेऊन बसलेल्या भावाला कळवलं नाहीस. ते भांडणात राहून गेलं म्हणे! तुझं राहून गेलं की चूक, आणि माझ्या हातून झालं की पाप? मेलेली भाषा शिकवून शिकवून तुला जिवंत माणसांची घाई कळेनाशी झालीय. तुझ्यासारखी माणसं वादळ आलं की गाडीत बसतात, आणि मग मागे राहिलेल्यांना सुसंस्कृतपणा शिकवतात. मी का राहिलो? व्हर्नाला त्या गर्दीत तासन्‌तास गाडीत नेता येत नाही म्हणून. पोलिसांना फोन कर म्हणशील, तर फोन नाही. शेजाऱ्याला हाक मार म्हणशील, तर शेजारी तू, आणि तू नाहीस. उरलं काय? ही एक लोखंडी नळी. तुला ती आवडत नाही. मलाही व्हर्नाच्या नाकातली नळी आवडत नाही. पण दोन्ही आहेत म्हणून आम्ही आहोत.

शेरीफच्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, जाऊ दे, थोड्या दिवसांनी लुटीची कलमं आपोआप गळतात, उगाच जबानी बदललीस तर तुलाच आत घ्यावं लागेल. मी आत गेलो तर सकाळी जनरेटर कोण चालू करणार? तूच सांग. ल्यूशियनचं मला वाईट वाटतं. दवाखान्याचं काही लागलं तर मी बघेन. पण व्हर्नाला मारून त्याला सोडवायला सांगू नकोस.

रागावलेला,
अल्सीद

*

लाफायेत,
९ सप्टेंबर

श्री. अल्सीद यांस,

काल दवाखान्यात जाऊन आले. क्लोथिल्डचा नवरा सोडायला आला, आणि देवाच्या कृपेनं सगळ्या वाटेत एकही विनोद केला नाही.

ल्यूशियन निम्मा झालाय. मला बघून हसला, आणि म्हणाला की ओडीलताई, तुमच्या फ्रीझरच्या खालच्या कप्प्यातले खेकडे काढायचे राहिले हो. मग इनेझ त्याच्यावर ओरडली, मग माझ्यावर ओरडली, आणि दोन्ही वेळी तिचंच बरोबर होतं. म्हणाली, तुमचा फ्रीझर, तुमचा भाऊ, आणि पाय मात्र आमचा. तू तुझ्या पत्रात विचारलंयस ते तिनंही विचारलं, की भावाला का कळवलं नाहीत. कळवायला हवं होतं. तेवढं माझ्या माथी घे, आणि उरलेलं तुझ्या.

आता नीट वाच. एक शब्द जरी बोलला असता, असं तू लिहिलंस. मी त्याला विचारलं, काही बोललास का रे? तो म्हणाला, बोललो ना. जिन्यापासून दहा पावलांवर बंदूक दिसली तेव्हा कॅन खाली ठेवला, हात वर केला, आणि हाक मारली. दोनदा. मी विचारलं, काय म्हणून. तर म्हणाला, जे नेहमी म्हणतो तेच. बेबे.

शहरातून बोटीनं आलेल्या कुठल्या लुटारूला ठाऊक असणार, की बंदूक घेऊन बसलेल्या त्या माणसाला त्याच्या आईनं पाळण्यात काय नाव ठेवलं होतं?

शेरीफला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ते ऐकीव. ऐकलं ते तू. त्या अंगणात दोनच माणसं होती, एकानं हाक मारली आणि दुसऱ्यानं चाप ओढला. पहिल्याच्या शब्दाला शेरीफ किंमत देत नाही, कारण तो खाटेला बांधलेला आहे. तेव्हा उरलास तू.

जनरेटर कोण चालू करणार हा तुझा प्रश्न रास्त आहे. मी त्याला उत्तर शोधलं. शनिवारी रुग्णवाहिका येईल आणि व्हर्नाला इथं आणेल. क्लोथिल्डनं खालची खोली रिकामी केली आहे. भिंतीत वीज आहे, ती कुणी चोरून नेत नाही. हे कारण आता तुला पुढं करता येणार नाही. दुसरं शोध, किंवा कारणं शोधणं सोड.

बंदूक नसती तर त्या दुपारी काय झालं असतं ते मी बसून मनाशी रंगवलं. तो जिना चढला असता. कॅन ठेवला असता. व्हर्नाला हाक मारली असती. कोळंबी कमी दिली म्हणून तू कुरकुर केली असतीस, त्यानं तुझ्या टकलावरून तुला चिडवलं असतं, आणि कॉफी पिऊन तो घरी गेला असता, स्वतःच्या पायांनी. तुझ्या नळीनं एवढं वाचवलं.

कळावे. लोभाचा शब्द लिहायला हात धजत नाही.

ओडील

*

बायू शेवरेट,
१२ सप्टेंबर

ती. ओडीलताईंना,
व्हर्नाचा नमस्कार.

अलनं तुमचं पत्र टेबलावर तसंच टाकलं होतं. मी वाचलं. मला चार ओळी लिहिल्या की दम लागतो, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी शनिवारी येते. पिशवी भरली आहे.

त्या दिवशी मी खिडकीजवळच्या पलंगावर होते. यंत्राचा आवाज असतो, पण खिडकी उघडी होती. बेबे अशी हाक मलाही ऐकू आली. दोन्ही वेळा. मला वाटलं, चला, ल्यूशियन आला, कॉफी ठेवायला हवी. मग आवाज झाला.

तेव्हापासून मी अलला काही बोलले नाही. तो माझ्या उशा नीट करतो, नळी पुसतो, सूप भरवतो. मला वाटायचं, हा माझ्यासाठी बसलाय तिथं खुर्ची टाकून, याला मी कुठल्या तोंडानं विचारू? कोळंबी मात्र खाल्ली नाही.

काल रात्री विचारलं. म्हटलं, अल, तुझ्या सगळ्या बोलण्यात माझं नाव पुढं असतं. शेरीफकडे माझं नाव, ताईंना लिहिताना माझं नाव. मला एवढी वर्षं सांभाळलंस, उपकार आहेत, पण गोळीला माझं नाव देऊ नकोस. मी असा श्वास मागितला नव्हता.

तो उठून बाहेर गेला. खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. मी सकाळपर्यंत दोनदा पाहिलं, तिथंच होता.

क्लोथिल्डताईंना सांगा, मी फार खात नाही.

तुमची,
व्हर्ना

*

बायू शेवरेट,
१७ सप्टेंबर

ती. ओडीलताईस,
अल्सीदचा नमस्कार.

व्हर्ना पोचल्याचं कळलं. तिला रात्री डावीकडे दोन उशा लागतात, उजवीकडे एक. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

काल शेरीफकडे गेलो. बंदूक खोलून, काडतुसं वेगळ्या पिशवीत घालून नेली. तिथं बसलेला पोरगेला माणूस म्हणाला, काका, पुन्हा विचार करा, तुमचं सगळं ठीक चाललं होतं. मी म्हटलं, लिही. दुपार होती. ऊन होतं. त्यानं कॅन खाली ठेवला होता, हात वर केला होता. मी थांब म्हणालो नाही, काहीच म्हणालो नाही. त्यानं माझ्या नावानं हाक मारली. कुठल्या नावानं, ते लिहिताना त्यानं दोनदा विचारलं.

तुला वाटत असेल की मला ऐकू आलं नाही. मीही पंधरा दिवस स्वतःला तेच सांगत होतो. ताई, ऐकू आलं. आवाजही ओळखला. पण तीन दिवस त्या खुर्चीत बसून मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. ती गोष्ट आली असं वाटल्यावर मग ती नाहीये हे मान्य करायला जो एक क्षण लागतो, तो मी घेतला नाही. पहिल्या हाकेला कळलं की हा ल्यूशियन आहे. दुसऱ्या हाकेला बोट हललं. मला भीती वाटत होती हे खरं आहे. पण राग जास्त होता. आईच्या वेळेपासूनचा. कुणाला तरी द्यायचा होता. बंदूक नसती तर तो राग शिव्या देऊन संपला असता.

खाली उतरलो नाही ते याचसाठी. उतरलो असतो तर तोंड बघावं लागलं असतं.

लुटीचा गुन्हा काढला. बेडी काल दुपारी निघाली, असं कळलं. माझ्यावर खटला चालेल, तोवर गाव सोडायचं नाही असं लिहून घेऊन घरी पाठवलं. येताना दवाखान्यात गेलो. इनेझ दारातच उभी होती. तिनं दार माझ्या तोंडावर बंद केलं. हळूच. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

फळी काढून जाळली. रंग निळाच राहिला राखेत, कसा कोण जाणे.

एक मागणं आहे. मला यापुढे बेबे म्हणू नकोस. कुणी म्हटलं की कॅन खाली ठेवल्याचा आवाज येतो.

अपराधी,
अल्सीद

*

बायू शेवरेट,
८ ऑक्टोबर

चि. अल्सीद यास,
आशीर्वाद पुन्हा सुरू करते आहे. थोडे, आणि अटींवर.

भिंतीला भिंत लागून राहत असताना तुझ्या पत्रपेटीत हे टाकून निघते आहे, याचं तुला नवल वाटणार नाही. परत येऊन दोन आठवडे झाले तरी माझा राग तोंडानं बोलण्याइतका निवळलेला नाही. कागदावर निदान तो ओळीत उभा राहतो. खरं सांगितलंस म्हणून तू थोर झालास असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. पहिल्या दिवशी सांगायचं ते तू एकोणिसाव्या दिवशी सांगितलंस, आणि मधले सगळे दिवस ल्यूशियन बांधलेला होता.

त्याचा पाय राहिला. गुडघा वळत नाही. कोळंबीच्या बोटीवर न वळणाऱ्या गुडघ्याचा काही उपयोग नसतो हे तुला ठाऊक आहे. त्यानं बोट विकायला काढली आहे. खालच्या कप्प्यातले खेकडे मी स्वतः काढले. तो वास अजून माझ्या केसांत आहे.

आपली गल्ली पाहिलीस ना? प्रत्येक मागच्या दाराला नवं कुलूप. कोपऱ्यावरच्या गिद्री काकूंनी तर दोन लावली, आणि नातवाची बंदूक मागवून घेतली. तू एका माणसाला गोळी घातलीस, आणि गल्लीनं धडा घेतला तो हा, की गोळ्या सुटतात, तेव्हा आपल्याकडेही असाव्यात. कोण कुणाला भितंय हे आता कुणालाच सांगता येत नाही.

आखातात नवं वादळ उठलंय. शुक्रवारी इथं पोचेल म्हणतात. मी आज निघते आहे. ल्यूशियन आणि इनेझही आयुष्यात पहिल्यांदा निघालेत, कारण कुबड्यांनी जिना चढता येत नाही. तुला गाव सोडायची परवानगी नाही. व्हर्ना क्लोथिल्डकडेच आहे, जनरेटरची काळजी नाही, बंदूक शेरीफकडे. म्हणजे या खेपेला गिद्री काकू सोडल्या तर आपल्या बाजूला राहणारा तू एकटा.

तेव्हा फ्रीझर तू उपसायचेस. माझं मागचं दार मी उघडं ठेवलंय. हा भाबडेपणा आहे असं समजू नकोस, रागानं उघडं ठेवलंय. एवढ्या सगळ्या कुलपांच्या गल्लीत एक तरी दार आईच्या रीतीनं राहिलंच पाहिजे, आणि ते बंद करायला मला तू लावलंस असं होता कामा नये.

माझं झाल्यावर पाण्यापलीकडे ल्यूशियनच्या घरी जायचं. त्याचा फ्रीझर हरणाच्या मांसानं भरलाय. मी इनेझला विचारलं, अल्सीदला येऊ देशील का. तिनं हातातलं पातेलं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, येऊ दे, पण पेटी डोक्यावर धरून आणि दुसरा हात वर करून. माफ केलंय असं त्याला सांगू नका, नासलं तर घर धुवायला मलाच लागेल म्हणून म्हणते. ल्यूशियन तेव्हा शेजारच्या खोलीत होता. त्यानं ऐकलं. नाही म्हणाला नाही.

पेटी घेऊन परत येताना तुला गिद्री काकूंच्या व्हरांड्यासमोरून यावं लागेल. लांबूनच हाक मारत ये. मोठ्यानं, आणि आपलं नाव सांगत. चिखलानं माखलेला थोराड माणूस दुसऱ्याच्या घरातून पेटी घेऊन निघाला की तो कसा दिसतो, हे तुला वेगळं सांगायला नको. आणि हाक मारल्यावर थांबून बघ, ऐकणारा ती ऐकतो का.

शिजवलेलं चर्चमागे वाट. इनेझसाठी थोडं बाजूला ठेव.

ओडीलताई